ऑर्पाचे घोडे

उंबू राबांनी चटईवर ठेवलेली सुपारी सिस्टर लुदमिलांनी उचलली आणि हसत हसत त्यांच्याच टोपलीत परत टाकली.

"घोडे नकोत आम्हांला," त्या म्हणाल्या. "पोरगी काय बाजारात मांडलीय? मिंगुस चांगला मुलगा आहे, ऑर्पाला तो आवडतो. सुखानं घेऊन जा. काही म्हणजे काही देऊ नका."

ओसरीवरची पाहुणेमंडळी एकमेकांकडे बघू लागली. मुलीबद्दल एका सुपारीमागे एक घोडा द्यायचा, अशी बोलणी करायला मुलाकडची माणसं ठेवणीतली वस्त्रं कमरेला गुंडाळून डोंगरापलीकडून आली होती. उंबू राबा हे मिंगुसचे थोरले काका, बोलायचा मान त्यांचा. त्यांनी तोंडातला विडा या गालातून त्या गालात नेला. मिंगुसने मान खाली घातली.

पडद्याआड उभी असलेली ऑर्पा हे सगळं ऐकत होती.

ती तान्ही असताना कुणीतरी तिला या बालगृहात आणून सोडलं होतं. आई बाळंतपणात गेलेली, बापाचा पत्ता नाही. एकदा ती तापाने फणफणली तेव्हा सिस्टर तिला पाठीशी बांधून पुराच्या पाण्यातून दवाखान्यात गेल्या होत्या. स्वयंपाकघर सांभाळणारी हामूमावशी ही गोष्ट येईल त्याला ऐकवायची. सत्तरी उलटली तरी सिस्टर अजून पहाटे उठून पाण्याची पिंपं भरायच्या, शनिवारी पोरींच्या डोक्यातल्या उवा काढायच्या, पोरांच्या चड्ड्यांना ठिगळं लावताना सातासमुद्रापलीकडच्या आपल्या गावाकडचं काहीतरी गुणगुणायच्या. अशा बाईवर रागवायचं तरी कसं? पण ऑर्पाला आज राग आला होता. डोळ्यांत पाणी येण्याइतका आला होता.

तेवढ्यात मागच्या अंगणात कुणीतरी भोकाड पसरलं. पेरूच्या झाडावरून एक पोर पडलं होतं. "आलेच हं," म्हणत सिस्टर उठल्या. पाहुण्यांनाही जरा बरंच वाटलं असावं.

स्वयंपाकघरात सिस्टर त्या पोराचा गुडघा धूत होत्या, तेव्हा ऑर्पा मागे येऊन उभी राहिली.

"सिस्टर, तुम्ही मला फुकट दिलंत."

"फुकट काय गं? मान राखला तुझा. योसिनाचं विसरलीस?"

योसिनाला कोण विसरणार? तीही इथलीच पोर. लग्नाच्या वेळी कुठून तरी तिचा एक काका उगवला आणि मोजून घोडे घेऊन गेला. नवरा मारतो म्हणून ती पळून आली, तर काकानेच तिला परत नेऊन घातलं. सिस्टर त्याच्या दारी जाऊन हातापाया पडल्या होत्या.

"विसरले नाही. म्हणूनच सांगतेय," ऑर्पा म्हणाली. "तिच्या काकानं घोडे विकून खाल्ले, म्हणून तिला परतायची वाट राहिली नाही. तुम्ही घ्या आणि विकू नका. इथंच चरू देत. उद्या काही झालंच, तर घोडे परत त्यांच्या दारात आणि मी तुमच्या दारात. काहीच घेतलं नाही, तर मी कुणाच्या दारात येऊ? फुकट आणलेल्या बाईला लोक एकच विचारतात, तुझ्यामागे आहे कोण?"

सिस्टरचा गुडघ्यावरचा हात थांबला.

"मिंगुस मारेल असं वाटतं तुला?"

"मिंगुस? तो कोंबडी कापताना डोळे मिटतो, सिस्टर." ऑर्पाला रडता रडता हसू आलं. "मला रडत यायचंच नाहीये. पण दार हवं ना."

"आयुष्यभर मी घरोघरी सांगत हिंडले, पोरींवर घोडे घेऊ नका म्हणून. आता मीच मागू?"

"मागा की!" चुलीपासून हामूमावशी म्हणाली. "बघू तरी जमतंय का."

सिस्टरनी पोराच्या गुडघ्याला फडकं बांधलं, हात पुसले आणि ऑर्पाच्या गालावरून तळवा फिरवला. "चुकलंच माझं," एवढं बोलून त्या बाहेर गेल्या.

चटईवर बसल्या बसल्या त्यांनी पाहुण्यांच्या टोपलीत हात घातला आणि एक सुपारी काढून मधोमध ठेवली.

"एक घोडा."

"एक?" उंबू राबा दचकले. "एक कुणी मागतं का, सिस्टर? जोडी असते."

"बरं, जोडी."

"जोडीवर भागवलं तर गाव तोंडात शेण घालील आमच्या. दोन जोड्या तरी म्हणा." त्यांनी स्वतःच भराभर सुपाऱ्या मांडल्या. "मागायचं तुम्ही आणि वाढवायचं मी, हा कुठला न्याय हो?"

ओसरी खळखळून हसली. सिस्टर मात्र हसल्या नाहीत.

"हे घोडे विकले जाणार नाहीत," त्या म्हणाल्या. "इथंच राहतील. आमच्या पोरीला दुखवलंत, तर त्याच दिवशी तुमच्या दारात येतील. आणि बरोबर मी."

"घोडे मेले तर?" मागून एका तरुणाने खुसपट काढलं.

"तर मी एकटी येईन. चालत."

यावर कुणी हसलं नाही. या बाईला चालताना सगळ्या मुलखाने पाहिलं होतं.

"आणि तुम्ही..." उंबू राबा अडखळले. "म्हणजे, वय झालंय तुमचं."

सिस्टरनी कुंपणाकडे बोट केलं. बालगृहातली झाडून सारी पोरं तिथं लोंबकळत होती, गुडघ्याला फडकं बांधलेलं ते पोरही. "हे येतील. तिचे भाऊ."

"एवढे मेहुणे!" उंबू राबांनी कपाळावर हात मारला. "मिंगुस, मेलास रे तू!"

हसणं ओसरल्यावर ते सरसावून बसले. त्यांचा आवाज बदलला.

"आता एकच राहिलं, सिस्टर. मुलगी कुणाच्या घरची, ते आमच्या पूर्वजांना सांगावं लागतं. संस्थेचं नाव चालायचं नाही. माणसाचं लागतं. कुणाचं नाव घेऊ?"

याच प्रश्नाची ऑर्पाला लहानपणापासून धास्ती होती. तिने पडदा मुठीत घट्ट धरला.

 सिस्टर मठात गेल्या तेव्हा घर सुटलं, घरचं नावही सुटलं. इथं ते कुणाला ठाऊक नव्हतं, हामूमावशीलासुद्धा.

"योझेफ ह्रद्लिच्का," त्या म्हणाल्या. "माझे वडील. गाडीची चाकं बनवायचे. आमच्या घरापुढे अक्रोडाचं झाड होतं." त्यांनी पडद्याकडे हात केला. "त्यांच्या घरची आहे ही. त्यांची नात."

उंबू राबा उठले. पूर्वजांचा वास छपराच्या टोकाशी; तिकडे तोंड करून त्यांनी साद घातली, पण नावाशी जीभ अडखळली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळली. त्यांनी विडा थुंकून टाकला, घसा खाकरला आणि पार डोंगरापर्यंत जाईल अशा आवाजात ते नाव उच्चारलं.

पडद्याआड ऑर्पा त्यांच्यामागोमाग ओठांतल्या ओठांत ते म्हणत होती. पुन्हा पुन्हा म्हणत होती. आजोबांचं नाव होतं, नीट यायला हवं.