पाठशाळेची पट्टी

माणसाचं दुःख मोजता येईल असं माप अजून जगात कुणाला बनवता आलेलं नाही, असं मोठी मोठी माणसं सांगतात. मित्रांनो, ते चूक आहे. ते माप म्हणजे मी. मी एक जुनी प्लास्टिकची पट्टी आहे. डझनाने घेतल्यास स्वस्त पडते.

माझा जन्म भिवंडीच्या एका गाळ्यात झाला. तिथे शाळेच्या पट्ट्या बनत. माझ्या बहिणी खोक्यांत भरून शाळांमध्ये गेल्या आणि समास आखण्याच्या नि हातावर वळ उठवण्याच्या कामाला लागल्या. मला मात्र खास मागणीवरून बनवलं होतं. माझ्यावर सेंटिमीटर नव्हते. शून्य ते दहा आकडे, शून्यापाशी हसणारा चेहरा, दहापाशी रडणारा चेहरा आणि मधल्या खाचेत सरकणारी एक लाल चकती. आपलं दुखणं जेवढं असेल तिथे माणसाने चकती न्यायची. थोडक्यात, बहिणी दुखवायच्या आणि मी मोजायचे. धंदा घरातच राहिला.

१९९८ साली डॉक्टर स्नेहलताईंच्या पिशवीतून मी खर्डीला आले. मुंबईच्या एका संस्थेने ताईंना संशोधनासाठी पैसे दिले होते. त्या संशोधनाचं नाव इतकं लांब होतं की ते एका दमात वाचणाऱ्याला आधी छाती तपासून घ्यावी लागली असती. अर्थ मात्र साधा होता. वर्षानुवर्षं दुखणारी पाठ, गुंगीच्या गोळ्या कमी करूनही सांभाळता येते का, ते बघायचं. ताईंनी नाव सोपं केलं. पाठीची शाळा, म्हणून ‘पाठशाळा’. बंद पडलेल्या दूध डेअरीच्या खोलीत ती दर मंगळवारी भरायची. आपल्या या कोटीवर ताई फार खूश होत्या. तिच्यामुळेच पुढे सगळा घोटाळा झाला.

पाठशाळेत येणाऱ्या बहुतेक बायका भातशेतीतल्या. आवणीच्या दिवसांत चिखलात पाय रोवून, कमरेत दुमडून, एकेक रोप लावत उलटं मागे सरकायचं. उरलेल्या वर्षात डोक्यावर हंडा नाहीतर लाकडाची मोळी. पाठ दुखली की कुणीतरी मेडिकलमधून लाल कॅप्सूल आणून द्यायचं. ती अफूच्या नात्यातली. ती पाठ बरी करत नसे. पाठ आपली आहे याचा तेवढ्यापुरता विसर पाडत असे. मग विसरायची सवय लागायची. गोळी चुकली की अंग मोडून यायचं, घाम फुटायचा, आणि आधी नुसती पाठ दुखायची ती आता सगळी बाई दुखायची.

गिरजा त्यांतलीच एक. पहिल्या मंगळवारी ताईंनी तिच्या हातात मला दिलं तेव्हा तिची शेजारीण हौसा डोकावून म्हणाली, “आगो, ह्यो रडका तर थेट दामूभावजी! पानी आना म्हटलं का असंच त्वांड करतात.”

दामू म्हणजे गिरजाचा नवरा. गिरजा खळखळून हसली आणि लगेच कंबर धरून वाकली. तिने चकती नऊवर नेली.

“दहा का नाही, मावशी?” ताईंनी विचारलं.

“दहा ऱ्हाऊंदे ताई. पुढं लागला म्हंजे?”

ताईंनी बायकांना चटईवर झोपवून व्यायाम शिकवले. गुडघ्यात वाकून हंडा कसा उचलायचा ते शिकवलं. तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी करून शेकायला लावलं. गोळी एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा, म्हणून बजावलं. मुख्य म्हणजे प्रत्येकीला “आज कसं आहे?” असं विचारलं आणि उत्तर येईपर्यंत थांबल्या. गिरजाला हे नवीन होतं. तिच्या घरी हा प्रश्न फक्त म्हशीबद्दल विचारला जाई.

वर्ष उलटलं. चकती नवावरून आठवर आली, आठावरून सातावर, आणि पुढच्या वर्षी सहावर येऊन बसली. गिरजाची गोळी आता जड कामाच्या दिवसापुरती उरली होती. ती पहाटे व्यायाम करी आणि दामू दाराशी उभा राहून म्हणे, “काय गो, सर्कशीत जातेस का?”

“जाते. तुमाला वाघ म्हनून नेते,” ती जमिनीवरूनच सांगे.

मला त्या सहाचा कंटाळा यायचा, हे कबूल करायला हवं. शून्याला चेहरा आहे, दहाला चेहरा आहे, सहाला काहीच नाही. मला वाटायचं, हिने एकदा शून्यावर जावं आणि माझ्या त्या हसणाऱ्या चेहऱ्याचं सार्थक व्हावं. तसंच झालं. त्या दिवसापासून तो चेहरा मला कधी बघवला नाही.

झालं असं. एका मंगळवारी ताई म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात संस्थेचे साहेब येतील. तुमचे आकडे बघतील. त्यावरून पुढचे पैसे मिळायचे की नाही ते ठरेल.”

आता मित्रांनो, बायकांच्या बाजूने विचार करा. नाव पाठशाळा. हातात पट्टी. आकडे दहापैकी. वरून साहेब तपासायला येणार. इकडच्या गावांत साहेब तपासणीला येणार म्हटलं की शाळेची अब्रू ती गावाची अब्रू. गुरुजींसाठी अख्खं गाव शाळा शेणाने सारवायला जातं. ताई घरी गेल्या तशी हौसाने दार लावून घेतलं.

“परीक्षा हाय, समजलं का? आपली नाय, ताईची. आपन दुखतंय म्हटलं का ताई नापास.”

“पन दुखतंय ना गो,” एक सुंदरा नावाची म्हातारी म्हणाली.

“त्या दिवशी नाय दुखायचं! दुसऱ्या दिवशी काय ते दुखून घे.”

मग गिरजा म्हणाली, “ताई कुठून कुठून येते. आपली पाठ दाबते, आपली सगी लेक दाबत नाय. तिला कमी पडाया नाय पायजे.” आणि ठरलं.

साहेब आले. जाड भिंगाचा चष्मा, स्वभावाने सज्जन. बायका रांगेत बसल्या आणि मी हातोहात फिरले. सुंदराने एक दाखवला. हौसाने शून्य दाखवला आणि “आनखी खाली नाय का?” असं विचारलं. गिरजाची पाळी आली. तिचं बोट घामाने ओलं होतं. सकाळी घरून निघताना तिने दोन कॅप्सूल घेतल्या होत्या. कित्येक महिन्यांत तिने एका वेळी दोन घेतल्या नव्हत्या. सहापाशी तिचं बोट जरा अडलं. मग तिने चकती सरळ शून्यावर नेली.

“गोळी?” साहेबांनी विचारलं.

“कवाच सोडली.”

“काही उचलून दाखवाल?”

कोपऱ्यात पाण्याने भरलेला हंडा होता. गिरजाने तो उचलला. ताईंनी शिकवल्याप्रमाणे नाही, कमरेतून, घाईघाईत. “फुलावानी हाय,” ती हसून म्हणाली. तिची जीभ जड झाली होती आणि डोळे अर्धे मिटत होते. ताईंची नजर त्या डोळ्यांवर गेली. क्षणभर तिथेच राहिली. मग ताई खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

साहेबांनी ताईंचं अभिनंदन केलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ताई पास झाल्या.

पुढच्या मंगळवारी ताई आल्या त्या सामान बांधायलाच.

“पैसे बंद झाले,” त्या म्हणाल्या. “साहेब म्हणाले, इथे आता कुणाचं काही दुखतच नाही. प्रश्न सुटला. सुटलेल्या प्रश्नावर खर्च कसा करायचा?”

“मंग आपला पैसा?” हौसाने विचारलं.

“मुरबाडला. तिकडे लोकांचे गुडघे अजून दुखतात.”

बायकांनी मुरबाडच्या गुडघ्यांना मनसोक्त शिव्या दिल्या आणि एकेक करून निघून गेल्या. गिरजा तेवढी मागे राहिली. ताई चटया गुंडाळत होत्या. गिरजाने टेबलावरून मला उचललं. चकती शून्यावरच होती. तिने ती हळूहळू वर नेली. एक, दोन, तीन. सहावर थांबली आणि मला ताईंच्या समोर धरलं.

“हे खरं हाय, ताई. मी खोटं दाखवलं. आनि त्या दिवशी दोन गोळ्या खाल्ल्यावत्या.”

ताईंनी हातातली चटई खाली ठेवली.

“सहा,” त्या म्हणाल्या. “अहो मावशी, सहाच तर हवे होते.”

“सहानं काय होतंय? सहा म्हंजे दुखतंयच की.”

“दुखतंय, पण नऊ नाही. आणि गोळ्या पूर्वीइतक्या नाहीत. एवढं झालं तरी मोठं काम असतं, मावशी. सहाचे चार कसे करायचे, त्यासाठी तर पुढचे पैसे मागायचे होते. शून्य झालं म्हटल्यावर मागायला तोंडच राहिलं नाही.”

गिरजा खाली बसली. “मीच घालवलं गो बाय. मला वाटलं, तू नापास होशील.” ताईंना ती पहिल्यांदाच अगं-तुगं करत होती आणि तिला ते कळलंही नाही.

ताई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. “मला दिसलं होतं, मावशी. तुमचे डोळे दिसले होते. तेव्हाच साहेबांना म्हणायला हवं होतं, थांबा, ही गुंगीत आहे. पण मला शून्य आवडला. म्हणून मी तिकडे बघितलंच नाही.”

दोघींचीही पाठ भिंतीला टेकली नव्हती.

ताईंनी साहेबांना जाऊन सगळं खरं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, आता सहा खरे मानायचे तर आधीचे नऊ तरी खरे कशावरून? पैसे परत आले नाहीत. ताई दुसरीकडे नोकरीला लागल्या. जाताना त्यांनी मला गिरजाला देऊन टाकलं.

मंगळवार मात्र बायकांनी सोडला नाही. हौसाच्या ओटीवर चटई पडायची. काही जणी पुन्हा लाल गोळीकडे वळल्या, सुंदरा त्यांत होती. ती ओटीसमोरून जायची तेव्हा गिरजा मान खाली घालायची, जणू गोळी तिनेच भरवली होती. ती स्वतः व्यायाम करायची, मिठाने शेकायची, आणि शेवटी मला समोर धरून चकती जिथे असायला हवी तिथे न्यायची. बघायला कुणी नसायचं. कधी सहा, कधी पाच, आवणीत सात. त्यात एकदाही खोटेपणा झाला नाही. पण ज्या दिवशी खरं बोलून उपयोग होता, तो दिवस गेला होता, आणि दर मंगळवारी तिच्या बोटाला ते ठाऊक असायचं.

पुढे चकती निखळून हरवली. आकडे पुसट झाले. हसणारा चेहरा आधी गेला, रडणारा अजून थोडा दिसतो.

तेव्हा मित्रांनो, कुणी मायेने विचारलं, कसं आहे, तर त्याला बरं वाटावं म्हणून बरं आहे असं सांगू नका. त्याने खोटं कळूनही खिडकीबाहेर बघितलं, तर त्याची बाही ओढा. आणि तुम्ही मोठे होऊन कुठे साहेब झालात, तर अर्ध्या बऱ्या झालेल्या माणसाचे पैसे तोडू नका. सगळ्यात जास्त गरज त्यालाच असते.

एवढं सांगून झालं. जमलं तर आणखी एक करा. या घराच्या खिडकीचं एक झडप वाऱ्याने आपटतं, म्हणून गिरजाच्या सुनेने मला दोन वर्षांपासून त्यात वाकवून अडकवलं आहे. तिथे एखादं लाकूड लावा. माझी कंबर दुखते.