सिनेमातली शेवटची शर्यत

कॉलेजच्या हीरकमहोत्सवात जुना सिनेमा दाखवणार म्हटल्यावर संस्कृतीनं आजीला ओढूनच नेलं. ऐंशीच्या दशकात त्याचं शूटिंग याच मैदानावर झालं होतं आणि आजी तेव्हा याच कॉलेजात शिकत होती, एवढंच तिला ठाऊक होतं. सत्यशीलाबाई नको नको म्हणत होत्या. स्कूटीवर मागं बसून घोडेगावाहून यायचं म्हणजे कंबर धरते, असंही सांगून पाहिलं. नातीपुढं त्यांचं काही चाललं नाही.

सिनेमात तसा काही दम नव्हता. कबड्डीचा कॅप्टन असलेला नायक, पळण्यात पटाईत नायिका, दोन कॉलेजांची भांडणं, झाडामागची गाणी आणि शेवटी मुलींची शर्यत. पोरं नायकाच्या केसांना हसत होती. शर्यत सुरू झाली तशी मात्र गप्प झाली. पडद्यावरची पोरगी वाऱ्यासारखी सुटली होती. कॅमेरा पार जमिनीला टेकलेला. पोटऱ्या, मांड्या, आखूड चड्डी, पुन्हा मांड्या. शर्यतीची फीत तुटल्यावर चेहरा दिसला, तो नायिकेचा.

सत्यशीलाबाई तोवर मान खाली घालून पदराचा काठ चाळवत बसल्या होत्या.

दिवे लागले, माईक फिरू लागला. इंग्रजीचे एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "हलकाफुलका सिनेमा. डोक्याला ताप नाही." एक मुलगी म्हणाली, "स्टोरी बंडल आहे, पण क्यूट आहे." मागून एक जण ओरडला, "हिरोईन पळलीय मात्र कडक!"

ते ऐकून पुढच्या रांगेतले सहादेवसर काठी टेकत उठले. खेळाचे जुने शिक्षक, आता ऐंशीच्या पुढचे.

"एक गंमत सांगतो," ते म्हणाले. "ती हिरोईन चार पावलांत धापा टाकायची. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला. मग मीच आपली एक पोरगी दिली पळायला. ती आज इथं आलीय. सत्यशीला, उभी राहा गं!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. संस्कृती तोंडावर हात ठेवून आजीकडं बघत राहिली. निवेदिकेनं माईक पुढं केला. "काकू, कसं वाटतंय?"

"बरं वाटलं," म्हणून सत्यशीलाबाई खाली बसल्या.

त्यांना टाळ्या ऐकू येत नव्हत्या, शिट्ट्या ऐकू येत होत्या. तेव्हा हाच सिनेमा घोडेगावच्या बाजाराला तंबूत लागला होता. वडील, भिमाजी, बैल विकायला गेले होते. व्यवहार झाल्यावर चार ओळखीच्यांबरोबर ते तंबूत शिरले. शर्यत लागली तशा शिट्ट्या सुरू झाल्या. डावा खांदा पाडून पळायची लकब पंचक्रोशीत एकाच पोरीची होती. "अरे, ही तर आपल्या भिमाजीची!" कुणीतरी ओरडलं आणि शिट्ट्या आणखी वाढल्या. त्या रात्री भिमाजींनी हात उगारला नाही. भाकरीला न शिवता ते एवढंच म्हणाले, "उद्यापासनं कॉलेज बंद." विद्यापीठाच्या संघात तिची निवड झाली होती. संघ तिच्याशिवाय गेला. उन्हाळ्यात रामहरीशी लग्न लागलं. त्यानंतर ती पळाली, ती सुटलेल्या म्हशीमागं.

बाहेर मांडवात चहा चालला होता. सत्यशीलाबाई सरळ सरांच्या खुर्चीपाशी गेल्या.

"सर, तुमी म्हनला हुता, कॅमेरा लांब आसंल. निस्ती धूळ दिसंल म्हनला हुता."

सर हसले. "इतकं जुनं कुठं आठवतंय आता? अगं, साधा करमणुकीचा सिनेमा तो. एवढं काय मनाला लावून घेतलंस?"

"मी न्हाई घेतलं. आमच्या अण्णांनी घेतलं."

"तुझे वडील जरा कडकच होते," सर म्हणाले. "पोरीला खेळू द्या म्हणून मी दोनदा निरोप धाडला होता."

"तुमी सोता आला न्हाईत."

सरांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. तेवढ्यात दोन पोरं आडवी आली. "आजी, एक सेल्फी!" सरांनीही मान पुढं केली. पोरांनी दोघांना शेजारी-शेजारी उभं केलं आणि सरांनी कौतुकानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. फोटो निघेपर्यंत सत्यशीलाबाईंनी तो हात सोसला.

परतीच्या वाटेवर संस्कृतीनं उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापाशी स्कूटी थांबवली. तिनं सरांचं भाषण आणि टाळ्या मोबाईलवर घेतल्या होत्या. वर शर्यतीचा तुकडा जोडला होता.

"आजी, घरात कुणाला ठाऊक होतं?"

"तुझ्या आजोबाला. लग्नाआदीच कळलं हुतं. म्हनून तर आमच्या अण्णांनी जादा हुंडा मोजला."

संस्कृतीनं रसाचा ग्लास खाली ठेवला. मग तिनं मोबाईल पुढं धरला.

"हे टाकू का गं सगळीकडं? लोकांना कळू दे तरी, ती तू होतीस."

पडद्यावर त्या मांड्या पुन्हा धावत होत्या.

"नको," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "लोकास्नी लई आवडंल."

त्यांनी ग्लास संपवला, पदरानं तोंड पुसलं आणि स्कूटीवर बसल्या.