माझ्या घशातली होडी

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा बंब आहे. मुक्काम देवबाग. मी गरम डोक्याचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पोटात विस्तव घेऊन जगणाऱ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा धरू नका.

एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. मधोमध विस्तवाची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली तोटी. एकोणीसशे बावन्न साली गुरुदास आणि जानकी यांच्या न्हाणीत मी येऊन बसलो. नारळाची चार सोडणे, म्हणजे सुकी सालपटे, पेटवली की घरभर आंघोळीला ऊन पाणी! शेजारीपाजारी माझे कौतुक करायचे आणि मी ते ऐकून फुगायचो.

नऊ वर्षांनी गुरुदासांची जुनी होडी मोडली. तिच्या फळ्या माझ्यात जळू लागल्या. त्या फळ्यांनी वर्षानुवर्षे माशाचे तेल प्यायले होते. ज्वाळा भडकायच्या, पण चिकट काजळी नळीत बसायची. हळूहळू माझा श्वास कोंडला. भारा जळाला तरी पाणी कोमटच. दोष कोणाला? मला! चोर सोडून संन्याशाला फाशी.

त्यातच त्यांची लेक सुभद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळ पाच दिवसांचे होते. सुईण त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती आणि माझा धूर वर जाईना. तो उलटा फिरून न्हाणीत भरला. बाळ आधी खोकले, मग त्याचे रडणेच थांबले. मला माझा विस्तवसुद्धा विझवता येत नव्हता. सुभद्रा त्याला उचलून अंगणात धावली. एक क्षण गेला, दुसरा गेला. मग बाळाने टाहो फोडला. इतका गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"आज हो बंब मोडीत गेलो नाय, तर मी न्हाणयेत पाय ठेवूचंय नाय!" जानकी ओरडली. तिचे चुकले असे मी म्हणणार नाही.

खारेपाटणचे कमरुद्दीन नवी भांडी विकायला आणि जुनी मोडीत घ्यायला दरवर्षी येत. नेमक्या त्याच दुपारी त्यांच्या गाडीतून दोन नवे बंब अंगणात उतरले. गुरुदासांनी थोरला, चकचकीत बंब निवडला. पत्रा पातळ होता, पण चकाकी पाहणाऱ्याला पत्रा कुठे दिसतो! मला रिकामा करून आडवा पाडला. चेपून गाडीत घालायला कमरुद्दीननी हातोडा घेतला. मित्रांनो, मी फार घाबरलो.

हातोडा उगारण्याआधी त्यांनी सवयीने माझ्या नळीला डोळा लावला. "उजेड खंय दिसता?" ते पुटपुटले. मग सुंभाला काथ्याचा बोळा बांधून त्यांनी तो नळीतून ओढला. घमेलेभर काजळी पडली. त्यांनी ती हुंगली.

"गुरुदासानू, होडयेच्यो फळयो जाळतास काय?"

गुरुदास म्हणाले, "बापाशीची होडी ती. दुसऱ्याक इकूक मन जायना."

ते ऐकून माझा राग विरघळला. बापाची आठवण परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून त्यांनी ती माझ्या हवाली केली होती आणि ती माझ्याच घशात अडकली होती.

"नवो बंब देतंय," कमरुद्दीन म्हणाले, "पण तेच्यात ह्योच फळयो घातल्यात, तर तोय वर्सभरात असोच घुसमाटतलो. आदी हेका पेटवून बघा."

मला उभा करून पाणी भरले आणि जानकीने चार सुकी सोडणे आणून पेटवली. मी जीव एकवटला. धूर सरळ वर गेला. थोड्याच वेळात तिने तोटीखाली बोट धरले आणि "आये गो!" म्हणत मागे घेतले.

कमरुद्दीन दोन्ही बंब गाडीत घालून परत गेले.

मित्रांनो, नवी वस्तू जरूर आणा. पण जुनी कुरकुरली, तर आधी तिच्या पोटात डोकावा. काय कोंबले आहे ते बघा.

गुरुदासांनी उरलेली एकच फळी तासून स्वच्छ केली आणि न्हाणीत मांडली. दुसऱ्या दिवशी सुईण तिच्यावर बसली, पाय पसरून तिने बाळाला घेतले आणि पणजोबांच्या होडीवर त्याची आंघोळ झाली. पाणी माझे होते.