तिसरी प्लेट

सात नंबरच्या मिनीबसची फ्लेक्सप्लेट आठ महिन्यांत तिसऱ्यांदा तडकली, तेव्हा कारण शोधायची गरज कुणालाच वाटली नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं. त्याचं नाव दशरथ.

दशरथ बुलढाण्याकडचा. वीस वर्षं ट्रक चालवून बहारीनला आलेला. ट्रकला क्लच होता, या ऑटोमॅटिक बसला नव्हता. पण हे त्याच्या डाव्या पायाला कुणी सांगितलं नव्हतं. सिग्नल आला की तो पाय क्लच शोधायला जायचा आणि सापडलेल्या ब्रेकवर सगळा भार टाकायचा. मागे बसलेले बावीस कामगार एकदम नमस्कार घालायचे.

तिथल्या सित्रा भागातल्या वर्कशॉपचा सुपरवायझर उज्ज्वल तायडे अकोल्याचा. त्याच्याकडे बिघाडाचा छापील फॉर्म असे. कारणाच्या रकान्यात तीन चौकोन: चालक, झीज, इतर. 'इतर'वर खूण केली तर वेगळं पान जोडावं लागे. सहा वर्षांत ते कुणी जोडलं नव्हतं. आधीच्या दोन प्लेटांना उज्ज्वलने 'चालक'वर खूण केली होती. तिसरी झाली की दशरथचा व्हिसा रद्द, हे ट्रान्सपोर्ट मॅनेजर राजनने सांगून ठेवलं होतं.

"बारापर्यंत रिपोर्ट दे," राजन फोनवर म्हणाला. "फार लिहू नकोस. मला माहितीये."

दशरथ दारातच उभा होता.

"तायडेसाहेब, सामान बांधू का?"

"अजून गिअरबॉक्स उतरली नाही, मामा."

"नाही, बॅगांचा सेल शुक्रवारपर्यंतच आहे."

"गाडी मागे जात असताना पुढचा गिअर, 'डी', टाकता का?"

"आईशप्पथ नाही. पूर्ण थांबवतो."

"ते बाकी खरं," उज्ज्वल म्हणाला.

पन्नाशीतल्या फिटर आकिबने गिअरबॉक्स उतरवली. फ्लेक्सप्लेट म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी पोलादाची पातळ तबकडी, जेवणाच्या ताटाएवढी. इंजिनाची सगळी ताकद तिच्यातून जाते. तडा मधल्या बोल्टांभोवती गोल फिरला होता. उज्ज्वलने प्लेट उन्हात धरली. तड्याच्या कडा बऱ्याचशा काळपट, गंज धरलेल्या. शेवटचं बोटभर पोलाद तेवढं ताजं चमकत होतं.

एका धक्क्यात तुटलं असतं तर सगळंच चमकलं असतं. हे हळूहळू तुटलं होतं, तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते तसं. आणि प्लेट दर फेऱ्याला वाकते ती इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत नसले तर. त्याला डावा पाय लागत नाही.

"आकिबभाई, डॉवेल पिन दिखाओ."

आकिबने इंजिनाच्या कडेची दोन भोकं दाखवली. रिकामी होती. "पिन तो पिछली बार भी नहीं थी, साहब."

"बोला क्यों नहीं?"

"आपने प्लेट बदलने को बोला. मैंने प्लेट बदली."

करंगळीच्या पेराएवढ्या दोन पिना. त्या इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत धरतात. त्या नसल्या तरी बोल्ट आवळले जातात, गाडी चालतेही; फक्त गिअरबॉक्स केसभर बाजूला बसते.

वर्षभरापूर्वी या बसला दुसरं इंजिन बसवलं होतं. जुनं कंपाउंडच्या मागे ताडपत्रीखाली पडलं होतं. उज्ज्वलने ताडपत्री उचलली. दोन्ही पिना तिथेच होत्या. जुन्यातून काढून नव्यात घालायच्या राहिल्या होत्या.

मग त्याने इंजिन बदलल्याचा कागद काढला. 'पिना बसवल्या' यासह बावीस ओळींसमोर वेगवेगळ्या खुणांऐवजी वरून खालपर्यंत एकच रेघ ओढलेली होती. खालची सही वाचता येत नव्हती. त्याचीच होती.

पावणेबारा झाले होते. पिना बसवून 'झीज'वर खूण करता आली असती. पण तीन महिन्यांची प्लेट झिजली हे राजनला पटलं नसतं, आणि दशरथच्या नावावरच्या दोन खुणा फायलीत तशाच राहिल्या असत्या.

त्याने 'इतर'वर खूण केली आणि पान जोडलं. सात ओळी. शेवटच्या ओळीत आधीचे दोन रिपोर्ट चुकीचे असल्याचं लिहिलं, आणि जबाबदार म्हणून स्वतःचं नाव आणि कर्मचारी नंबर.

राजनने पान उलटसुलट पाहिलं. "हे काय?"

"वेगळं पान, सर."

"असं पान असतं?"

"फॉर्मवर लिहिलंय."

राजनने वाचलं. "तुला वॉर्निंग लेटर निघेल. सुपरवायझरी राहील की नाही, मी सांगू शकत नाही."

"हो."

"आणि दशरथ?"

"त्यांचा पाय वाईट आहे, सर. पण प्लेट त्यांनी मोडली नाही."

रविवारी पिना बसवून बस बाहेर काढली. दशरथ चालवत होता, उज्ज्वल त्याच्या मागच्या सीटवर, तडकलेल्या प्लेटची टकटक खालून येते का, ते ऐकत बसला होता.

"साहेब, बॅग घेतली मी. सेल होता."

"असू द्या. सुट्टीला लागेल."

"तुमच्यासाठी पण बघायला हवी होती का?"

"आता संपला ना सेल?"

"खलास."

सिग्नल लाल झाला. उज्ज्वलचं कपाळ पुढच्या सीटच्या दांडीवर आपटलं.

"मामा."

"पाय आहे, साहेब. फॉर्म भरा."

उज्ज्वल कपाळ चोळत तसाच वाकून राहिला आणि कान दिला. खाली कसलीही टकटक नव्हती.