आकडा थांबेपर्यंत

रविवारी सकाळी साडेसहाला डिलिस प्रॉसरच्या गॅरेजमध्ये पहिली बाटली फुटली. ती चपला घालून पोचेपर्यंत आणखी तीन गेल्या. भिंतीवरून बिअर ओघळत होती आणि मधाचा, कडू हॉप्सचा वास कोंदला होता.

कारण डिलिसला शोधावं लागलं नाही.

ही बिअर तिच्या भावाची, क्लाइव्हची. इंग्लंडातल्या हेरफर्डशरमधल्या त्यांच्या गावात तो दर हिवाळ्यात ती घरी करायचा. कडक, थेट डोक्यात जाणारी. हॉप्सची फुलं इतरांच्या दुप्पट, आणि मध त्याच्या बायकोच्या, नोरीनच्या मधमाश्यांच्या पेट्यांमधला. नोरीन गेली, मागोमाग माश्याही संपल्या. मधाची शेवटची बरणी उरली होती. डॉक्टरांनी क्लाइव्हला शेवटच्या दिवसांसाठी हॉस्पिसमध्ये हलवलं, तेव्हा त्याने ती बहिणीच्या हातात दिली.

"एक ग्लास प्यायचाय," तो म्हणाला. "मग काय व्हायचं ते होऊ दे."

पुढचे हुकूम त्याने पलंगावरून, फोनवर सोडले.

"मध उकळत्यात ओतलास तर याद राख. वास उडून जाईल."

"गॅस बंद केलाय रे."

"आणि हॉप्स?"

"सगळे टाकले. शेजारचा कुत्रा शिंकतोय."

"मग बरोबर पडले."

पिंपातल्या बिअरमध्ये काचेची नळी तरंगती सोडली की तिच्यावरच्या आकड्यावरून किती साखर उरलीय ते कळतं. आकडा दोन दिवस तोच आला तरच बाटल्या भरायच्या, हा क्लाइव्हचा नियम; नाहीतर आंबणं बाटलीत चालू राहतं, आत वायू साठतो आणि काच फुटते. मध सावकाश आंबतो. आकडा रोज उतरत होता, अगदी थोडा, पण उतरत होता. क्लाइव्ह त्याहून वेगाने उतरत होता.

"पिंपातलीच एक जग भरून आणू का?" डिलिसने विचारलं होतं.

"फेस नसलेली? त्यापेक्षा खोकल्याचं औषध बरं."

मग तिने खोटं सांगितलं.

"थांबला आकडा."

"दोन्ही दिवस तोच?"

"तोच. किती चौकशा करशील?"

त्याच दिवशी तिने बाटल्या भरून झाकणं ठोकली. फेस धरायला त्या उबेत ठेवल्या, आणि शनिवारी त्यातली एक भावासाठी फ्रिजमध्ये टाकली.

रविवारी दुपारपर्यंत तेवढीच उरली.

तिने ती टॉवेलात गुंडाळून बादलीत ठेवली आणि हॉस्पिसला गेली. दारात बर्निस नर्स होती.

"काय आहे ते?"

"बिअर. जराशी फुटण्यासारखी."

"मग आत नाही आणायची, बाई."

बर्निसनेच बर्फ आणून दिला. क्लाइव्हच्या खिडकीबाहेर, फरशीवर, बादली ठेवली.

क्लाइव्हने डोळे उघडले नाहीत. "अंगाला वास मारतोय तुझ्या. किती फुटल्या?"

"एक उरलीय."

"आकडा थांबला नव्हता."

"नव्हता."

"खोटारडी."

"हो. ग्लास आणलाय. बाहेर उघडून आत आणते."

"रस्त्यात हिंदकळली असेल. आत्ता उघडलीस तर सगळी छपरावर जाईल, ग्लासात थेंब यायचा नाही. बर्फात बसू दे. उद्या उघड."

"क्लाइव्ह, उद्या..."

"एकदा घाई केलीस ना? बास झालं."

ग्लास तिने खिडकीत पालथा ठेवला.

सोमवारी क्लाइव्ह जागा झाला नाही. श्वास चालू होता, मध्येच अडत होता. ऐकू येत असेल, बोलत राहा, असं बर्निस म्हणाली. डिलिसने त्याला सांगितलं की बिअरचा रंग छान आलाय आणि तळ स्वच्छ बसलाय. दुपारी तिने बाहेर जाऊन बर्फ बदलला.

संध्याकाळपर्यंत तो तसाच होता. बाटलीचं झाकणही जागेवर होतं.