टाउनोच्या हातचं झाड

टाउनो सोमवारी वारला आणि मंगळवारी सकाळी त्याच्या बायकोने, हिल्काने, आपल्या धाकट्या भावाला, ओइवाला, कामाला लावलं.

"शनिवारी पुरायचंय त्याला. त्याआधी टेकडीवर जा आणि त्याने लावलेलं एक पाइनचं झाड शोधून ठेव. नाव कोरता येईल एवढं जाड हवं. जन्मभर जंगल खात्यात साहेबकी केलीस ना? मग जा."

ओइवा कॉफीच्या कपात बघत बसला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला होता, निवृत्त होऊनही पंधरा वर्षं उलटली होती, पण बहिणीच्या तोंडून 'साहेबकी' ऐकली की अजून त्याचे कान गरम होत.

उत्तरेकडच्या काइनू प्रांताच्या त्या भागात जुनी रीत आहे. मयत दफनभूमीकडे नेताना वाटेत एका झाडाशी थांबायचं, त्याच्या खालच्या फांद्या छाटायच्या, साल काढून नाव आणि वर्ष कोरायचं. मेलेला माणूस घराच्या ओढीने माघारी फिरलाच, तर त्या झाडापर्यंत येतो, आपलं नाव वाचतो आणि परत जातो. हल्ली बहुतेकांनी हे सोडलंय, फुलं वाहिली की झालं. हिल्का सोडणाऱ्यांतली नव्हती.

"टेकडीवरचंच कशाला पाहिजे?" ओइवाने हळूच विचारलं.

"चार वेळा लावली त्याने ती टेकडी. चार वेळा! त्यातलं एक तरी त्याच्या नावाला येऊ दे."

टाउनोच्या मालकीची ती टेकडी ओइवाच्या घशात अडकलेलं हाड होतं. चौऱ्याहत्तर साली तो नवा नवा साहेब होता. वरून हुकूम आला की म्हातारी स्प्रूसची झाडं फार सावकाश वाढतात, ती तोडा, जमीन नांगरा आणि पाइन लावा. टाउनोने तेव्हा विचारलं होतं, "अरे, इथे आजोबांच्याही आधीपासून स्प्रूसच आहे. पाइन येईल का?" ओइवा छाती काढून म्हणाला, "पाइन कुठेही येतं." मेहुणाच सांगतोय म्हटल्यावर टाउनोने मान डोलावली.

रोपं पिवळी पडली. पुन्हा लावली, पुन्हा मेली. तिसऱ्यांदाही तेच. टाउनो शेजाऱ्यांत हसून म्हणायचा, "माझ्या हातालाच गुण नाही." पहिल्यांदा हसणं खरं होतं. पुढे पुढे नुसतं वाक्य उरलं.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात ओइवाने एका दुपारी एकट्याने तिथे खड्डा खणला. माती पिठासारखी बारीक, राखाडी. मुठीत दाबून हलवली तर वर पाणी चमकलं. अशी माती धरलेलं पाणी सोडत नाही. जून उजाडला तरी आत थंडगार, मुळांना श्वास नाही, आणि हिवाळ्यात गोठून फुगली की रोपाला मान धरून उपटते. स्प्रूस वरच्या शेवाळात मुळं पसरून कसंबसं निभावतं. पाइन मूळ खाली घालतं आणि खालीच कुजतं. सगळं उत्तर त्या एका मुठीत होतं. पण ते सांगितलं असतं तर ओइवाच्या सहीने नांगरलेल्या बाकीच्या टेकड्याही लोकांनी खणून पाहिल्या असत्या. त्याची बढती तोंडावर आली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत त्याने खड्डा बुजवला.

पुढच्या वसंतात टाउनोने चौथ्यांदा लावणी केली.

गेल्या महिन्यात दवाखान्यात टाउनो पांघरुणावर तळवे उलटेसुलटे करून बघत होता. "ओइवा, तुला यातलं कळतं. माझ्या हातात काय खोट होती रे?"

"एल्क हरणं कोवळे शेंडे खातात रे. दुसरं काय," ओइवा म्हणाला होता.

"असेल," टाउनो म्हणाला आणि हात पांघरुणात घेतले.

बुधवारी ओइवा टेकडी चढला. चार तास फिरला. जागोजागी आपोआप उगवलेली स्प्रूस होती, पाण्याने भरलेले नांगराचे चर होते, आणि मध्ये वाळक्या काड्या. जिवंत पाइन एकच सापडलं. वाकडंतिकडं, माणसाच्या उंचीचं, मनगटाएवढं जाड. निदान चाळीस वर्षांचं असेल. ओइवा त्याच्याशी उभा राहिला आणि त्याला रडू आलं.

उतरताना रस्त्याकडेच्या वाळूच्या टेपाडावर एक पाइन दिसलं. उंच, सरळ, तांबूस सालीचं. कुणीही न लावता आलेलं. ओइवाने इकडेतिकडे पाहिलं, खिशातली खुणेची निळी फीत काढली आणि त्या खोडाला बांधली. चाळीस वर्षं जे झाकलं तेच पुन्हा झाकलं, दुसरं काही नाही.

गुरुवारी तो हिल्काला त्या फीत बांधलेल्या पाइनशी घेऊन आला. तिने खोडावर हात फिरवला, गाल टेकला. "बघ की, केवढं झालंय! आणि मेला म्हणायचा, हाताला गुण नाही." ती रडत रडत खाली बसली. दगडफुलासारखं कोरडं पांढरं शैवाक तिच्याखाली करकरलं. तिने सहज मूठभर माती उचलली. ती बोटांतून भुरभुर गळून गेली.

हिल्का रडायची थांबली.

"ओइवा, हे त्याने लावलेलं नाही."

"कशावरून?"

"टेकडीवरून यायचा तेव्हा त्याच्या बुटांना राखाडी चिखल असायचा. दारातलं पायपुसणं मीच धुतलंय इतकी वर्षं. वाळला की पिठासारखा उडायचा. ही तर वाळू आहे. मला काय खुळी समजलास?"

मग ओइवाने सांगितलं. खड्डा, मूठ, पाणी, बढती, सगळं. हिल्का त्याच्याकडे न बघता ऐकत होती.

"त्र्याऐंशी साली कळलं तुला?"

"हो."

"चौऱ्याऐंशीला आम्ही चौथ्यांदा लावली. मी पण होते वाकलेली, दोन हजार रोपं. तू आला होतास बघायला."

"आलो होतो."

"माझ्या हातचे दोन पुल्ले, गोड पाव, खाल्लेस कॉफीबरोबर. आणि म्हणालास, छान लावताय."

ओइवाने मान खाली घातली. कबुली म्हणजे वरातीमागून घोडं, हे त्याला कळत होतं. हिल्का उठली. "चल वर. खरं झाड दाखव."

त्या मनगटाएवढ्या पाइनच्या खोडाभोवती तिने मूठ आवळून पाहिली.

"याच्यावर नाव मावायचं नाही," ओइवा म्हणाला. "सुरी लावली तर मरेल."

"मग पाटीवर कोर आणि दोरीने बांध. फांदी एकही तोडायची नाही, बिचाऱ्याने पुष्कळ सोसलंय. आणि शनिवारी सगळ्यांसमोर तूच बोलायचंस."

शनिवारी रस्त्यावर मयताची गाडी थांबली. वीसेक माणसं चिखल तुडवत झाडापर्यंत आली. ओइवाने पाटी बांधली आणि टोपी हातात घेऊन बोलला, "टाउनोचे हात चांगले होते. जमीन पाइनची नव्हती. लावायला मी सांगितलं, आणि चुकलं हे कळल्यावरही मी गप्प बसलो." पाद्री आपल्या बुटांकडे बघत राहिले. एक शेजारी नाक शिंकरत खाली निघाला, त्याच्यामागे बाकीचे.

हिल्का मागे राहिली. "शवपेटी खाली गाडीत आहे," ती म्हणाली. "एवढ्या चिखलातून वर आणता आली नाही. गावाने ऐकलं. त्याने नाही ऐकलं."

"मेलेला माणूस झाडापर्यंत येतो म्हणतात ना?"

"म्हणतात. मग उद्या तूही इथे ये आणि त्याला सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओइवा एकटाच वर गेला. रात्री दहिवर पडलं होतं, पाटी ओली होती. चिखलाने त्याचे बूट घोट्यापर्यंत धरून ठेवले.

"टाउनो, तुझ्या हातात काही खोट नव्हती," तो मोठ्याने म्हणाला. मग पुन्हा म्हणाला. मग तिसऱ्यांदा. एकेका लावणीसाठी एकदा म्हणायचं, असं त्याने येतानाच ठरवलं होतं.

चौथी लावणी त्याने खड्डा बुजवल्यानंतरची होती; तिच्यासाठी त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही.