आतले बूट, बाहेरचे बूट

मार्चच्या पहिल्या सोमवारी शाळेत दोनशे चौदा मुलं, सतरा शिक्षक, दोन जिने, दोन दारं आणि मुलांच्या बुटांचे चारशे अठ्ठावीस जोड होते. मागचं दार थेट जुन्या धुराड्याखाली उघडतं, म्हणून भूकंपाच्या हिशेबात दार एकच. बुटांचा हिशेब त्याहून सोपा. प्रत्येक मुलाचा एक जोड आतला, एक बाहेरचा. बाहेरचे दारालगतच्या खोलीत, बूट सांभाळणाऱ्या तुर्दुकान एजेंच्या, म्हणजे तुर्दुकानताईंच्या, ताब्यात.

मी याच शाळेत अकरा वर्षं शिकले. मग बिश्केकला भूभौतिकी केलं आणि आता आमच्या जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात शाळांचे भूकंप-आराखडे बघते. नियम असा, की घंटा झाल्यापासून तीन मिनिटांत सगळी शाळा ध्वजखांबापाशी हवी. सराव तीन. तिन्ही चुकले तर वरचा मजला बंद आणि नववी ते अकरावीची मुलं अठरा किलोमीटरवरच्या शाळेत.

"मग मी काय, लहान पोरांची नाकं पुसत बसू?" मुख्याध्यापक कुबात अगाय, म्हणजे कुबात सर, म्हणाले. पंचवीस वर्षं ते अकरावीला बीजगणित शिकवत होते.

मी जिने मोजले. रुंदी एक मीटर तीस. कागदावर दोन मिनिटं दहा सेकंद येत होती. पहिल्या सरावाला सहा मिनिटं चाळीस सेकंद लागली.

जिन्यावर कुणी अडलं नव्हतं. अडले होते दारापाशी. दोनशे चौदा मुलं रांगेत, शिस्तीत, बूट बदलत होती. मी वहीत तसं लिहिलं आणि खाली पाहिलं, तर माझ्याही पायात बाहेरचे बूट होते. नाड्या कधी बांधल्या ते आठवेना.

दुसऱ्या सरावाआधी कुबात अगायांनी सगळ्यांना सभागृहात उभं करून सांगितलं, "उद्या बूट बदलायचे नाहीत. कळलं?"

"कळलं, अगाय."

पाच मिनिटं पन्नास सेकंद. मुलं धावत दारापर्यंत आली, खोलीच्या खिडकीत तुर्दुकान एजे दिसल्या आणि सगळ्यांचे हात आपोआप नाड्यांकडे गेले.

"भूकंपाला भीत नाहीत, तुम्हाला भितात," मी एजेंना म्हणाले.

"तूही भ्यायचीस. तिसरीत असताना चिखलाचे बूट दप्तरात लपवलेस, विसरले नाहीये मी." त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "बोल, काय करू? रजेवर जाऊ?"

"नको. तुम्ही नसलात तर तुमची खुर्ची बघून थांबतील."

त्या हसल्या. मी वही उघडली. एका मुलाला बूट बदलायला सरासरी एक्कावन्न सेकंद. खोलीत एका वेळी मावतात तीस.

"मग उरलेली?"

"जिन्यावर. छताखाली."

एजेंनी वही स्वतःकडे ओढली. "ओरडून सांगते मी त्यांना."

"अगायांनी सांगून झालंय. एजे, तुम्हीच आधी बाहेर पडा. आतल्या जोड्यांत."

त्यांनी पाय पुढे करून दाखवले. पांढऱ्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, सपाता, वर लाल शिंगांची नक्षी. हिवाळाभर बसून स्वतः केलेल्या. "या घालून? त्या चिखलात?"

"हो."

"पोरी, तुझ्या आईला सांगते मी, शहरात जाऊन हिचं डोकं फिरलंय."

कुबात अगाय दारात उभे होते. "तुर्दुकान, पुढच्या हिवाळ्यात मी तुला रबरी घेऊन देतो."

"तुमच्या रबरी तुम्हीच घाला," एजे म्हणाल्या.

तिसरा सराव शुक्रवारी. आदल्या दिवशी बर्फ वितळलं होतं, पटांगणात घोट्याइतका चिखल. मी बाहेर, ध्वजखांबापाशी घड्याळ घेऊन उभी राहिले. घंटा झाली.

दार उघडलं. उंबऱ्यावर तुर्दुकान एजे. मागे पहिली-दुसरीची मुलं आली होती, एकमेकांवर आदळून थांबलेली. एकजण खाली वाकलासुद्धा. एजेंनी त्याला दंडाला धरून सरळ केलं, एकदा स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि चिखलात पाऊल टाकलं. मग दुसरं. सपातेचा फचकन आवाज मला खांबापर्यंत ऐकू आला.

"बघता काय? चला."

पहिलीची पोरं आधी चालली. मग त्यांना त्यातली मजा कळली आणि ती उड्या मारत सुटली. मागून मोठे आले, कापडी बूट, चपला, एकजण नुसत्या मोज्यांत. गुडघ्यापर्यंत माखलेले कुबात अगाय सगळ्यांत शेवटी.

वर्गशिक्षकांनी हजेरी घेतली. दोनशे चौदा मुलं, सतरा शिक्षक, एक तुर्दुकान एजे. दोन मिनिटं एकोणीस सेकंद.